वाढत्या झाडांचे जतन : जेफ्री बावांची लुनुगंगा

जुन्या इमारतीचे जतन म्हणजे काय, हे ढोबळमानाने सर्वांना ठाऊक असते. भिंत ढासळू द्यायची नाही, छप्पर गळू द्यायचे नाही, मूळ सागवानी खिडक्या काढून त्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या चौकटी बसवायच्या नाहीत, आणि जे बदलणे भागच आहे ते मूळ साहित्याला व कारागिरीला धरून बदलायचे. परंतु जो वारसा जपायचा आहे तो मुख्यतः झाडे, गवत, पाणी आणि उतरती जमीन यांचाच बनलेला असेल, तर ही साधी समजूत अपुरी पडते, कारण तिथे काहीच न करणे म्हणजे जपणे नव्हे. काहीच केले नाही तर दोन-तीन पावसाळ्यांत तो वारसा दिसेनासा होतो.

श्रीलंकेतील लुनुगंगा हे याचे उत्तम उदाहरण आहे. जेफ्री बावा (१९१९–२००३) या वास्तुविशारदाचे हे ग्रामीण घर आणि त्याभोवतीची बाग. कोलंबोच्या दक्षिणेला बेन्तोटा हे किनाऱ्यावरचे गाव आहे. तिथून थोडे आत, नदीच्या मुखाजवळ तिला जोडलेल्या देद्दुवा तलावाच्या काठी, दोन बुटक्या टेकड्यांवर ही मालमत्ता पसरलेली आहे. बावांनी ती १९४८ साली विकत घेतली आणि पुढची सुमारे ५० वर्षे तिच्यात फेरफार करणे कधी थांबवले नाही. त्यामुळे जतन करणाऱ्यांपुढे पहिलाच प्रश्न असा येतो की, जी गोष्ट तिच्या कर्त्याच्या लेखी कधी पूर्ण झालीच नाही, तिची कोणती अवस्था खरी मानायची?

वकिलीकडून बागेकडे, बागेकडून वास्तुकलेकडे

बावा मुळात वकील होते. केंब्रिजमध्ये इंग्रजी साहित्य आणि लंडनमध्ये कायदा शिकून ते १९४४ साली बॅरिस्टर झाले. कोलंबोत थोडा काळ वकिली केली, पण त्यात त्यांचे मन रमले नाही. १९४६ साली आईचे निधन झाल्यावर ते लांबच्या प्रवासाला निघाले. इटलीत गार्डा सरोवराच्या काठी एखादे घर घेऊन तिथेच स्थायिक व्हावे असे त्यांनी ठरवत आणले होते. तो बेत फसला, ते मायदेशी परतले आणि त्यांनी देद्दुवाच्या काठचा एक दुर्लक्षित रबराचा मळा, त्यातल्या एका साध्या बंगल्यासह, खरेदी केला. डचांच्या काळात या जमिनीत दालचिनी पिकत असे. इंग्रजांच्या काळात तिथे रबर आले. थोरले बंधू बेव्हिस यांनी जवळच स्वतःची एक बाग आधीपासून उभी केली होती, तेव्हा घराण्यात हा नाद नवा नव्हता.

इटालियन बागांचा ध्यास घेतलेल्या या हौशी माणसाने उष्ण कटिबंधातल्या रानाला आकार द्यायला सुरुवात केली आणि लवकरच त्याच्या ध्यानात आले की, कल्पना आहेत, पण त्या उतरवण्याचे तंत्र आपल्यापाशी नाही. ते तंत्र मिळवण्यासाठी बावा कोलंबोतील एडवर्ड्स, रीड अँड बेग या वास्तुविशारदांच्या कार्यालयात उमेदवारी करू लागले, मग लंडनला जाऊन रीतसर शिकले आणि १९५७ साली, वयाच्या ३८ व्या वर्षी, पात्रताधारक वास्तुविशारद म्हणून परतले. याचा अर्थ असा की लुनुगंगा हे एका यशस्वी वास्तुविशारदाने पुढे हौसेने बांधलेले शेतघर नव्हे. आधी बाग होती आणि त्या बागेच्या गरजेतून वास्तुविशारद घडला. तिच्या वारसामूल्याची चर्चा करताना हा क्रम विसरून चालत नाही.

पुढे बावांनी कोट्टे येथील श्रीलंकेची संसद, मातारा जवळचे रुहुना विद्यापीठ, बेन्तोटाचे समुद्रकाठचे हॉटेल, दांबुल्लाजवळ डोंगराच्या कड्याला बिलगलेले कंदलामाचे हॉटेल अशा वास्तू उभारल्या आणि २००१ साली त्यांना आगाखान वास्तुकला पुरस्कारांतर्गत अध्यक्षांचा विशेष पुरस्कार मिळाला. बंद काचेच्या पेटीत यंत्राने थंड केलेली हवा भरण्यापेक्षा रुंद वळचण, उतरती कौले, मधला चौक, ओसरी आणि आरपार वाहणारा वारा यांच्या आधारे आधुनिक इमारत उभी करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला यातले एकेक घटक घरचेच वाटतील. बावांचे वैशिष्ट्य त्या घटकांना संसद आणि विद्यापीठ यांच्या प्रमाणावर वापरण्यात होते, आणि आत-बाहेर यांतली सीमारेषा पुसण्याचे जे प्रयोग त्यांनी गिऱ्हाइकांसाठी केले, त्यांतले कित्येक आधी लुनुगंगेत करून पाहिलेले होते.

जपायचे ते नेमके काय?

लुनुगंगेत फिरताना भव्य असे काही चटकन नजरेत भरत नाही. घर मोठे असले तरी राजवाडा नव्हे. फुलांचे ताटवे जवळपास नाहीत. सगळा खेळ हिरव्याच्या छटांचा, सावलीचा आणि उघड्या जागेचा आहे. अनेकांना वाटते की ही जागा निसर्गतःच अशी सुंदर असावी. प्रत्यक्षात तिथला जवळजवळ प्रत्येक उतार माणसाने घडवलेला आहे.

घरापासून दक्षिणेकडे पाहिले की गवताळ उतार खाली जातो आणि पुन्हा वर चढून सिनेमन हिल नावाच्या टेकडीच्या माथ्यावर पोचतो. तिथे एका पसरलेल्या झाडाखाली एक जुना चिनी रांजण ठेवलेला आहे, आणि त्या रांजणाच्या रेषेत, तलावाच्या पलीकडे, दूरवर कटकुलिया येथील बौद्ध मंदिराचा पांढरा स्तूप दिसतो. ते झाड सिंहलीतले मूनमल, म्हणजे आपली बकुळ. हे एक दृश्य मिळवण्यासाठी बावांनी टेकडीचा माथा कापून खाली घेतला, कारण मूळच्या उंचीमुळे पलीकडचे पाणी झाकले जात होते. त्या मधल्या खोलगट भागातून गावाचा सार्वजनिक रस्ता जातो. तो बंद करणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. म्हणून तो खोल खंदकासारख्या भागातून जाईल अशी रचना केली गेली, जेणेकरून घरातून पाहणाऱ्याला दोन्ही टेकड्यांचे गवत सलग दिसावे आणि रस्त्यावरची सायकल मधूनच निघून गेली तरी कळू नये. गुरांना अडवायचे पण कुंपण दिसू द्यायचे नाही, यासाठी इंग्लंडमधल्या बागांत असे चर खणत असत. बावांनी ती युक्ती इथे रस्त्यासाठी वापरली.

उत्तरेकडे जमीन तीव्र उताराने तलावाकडे जाते. तिकडच्या सपाट टप्प्यावर पांढऱ्या चाफ्याची झाडे आहेत. चाफ्याच्या फांद्या एरवी वर जातात. बावांनी त्यांना वजने टांगून वर्षानुवर्षे खाली आणि बाजूला वाकवले, त्यामुळे त्या झाडांना जमिनीलगत पसरलेला, वळणदार आकार आला. खाली सखल भागात भाताची खाचरे आणि पाणथळ बाग आहे. आवारात निरनिराळ्या वर्षांत बांधलेल्या छोट्या वास्तू विखुरलेल्या आहेत: एका जुन्या गोठ्याच्या जागी झालेले दालन, बागेतली बैठकीची खोली, सिनेमन हिलवरचे पाहुण्यांचे घर. सकाळचा चहा, दुपारचे जेवण आणि संध्याकाळचे पेय यांसाठी बावांच्या बैठकीच्या जागा वेगवेगळ्या ठरलेल्या होत्या, आणि प्रत्येक जागेजवळ नोकराला बोलावण्यासाठी घंटा होती. घंटेच्या नादावरून मालक कोणत्या कोपऱ्यात आहेत ते स्वयंपाकघरात कळत असे. मोलकरी माणसांच्या श्रमावर उभी असलेली ही जीवनशैली होती, हे नमूद केलेले बरे. बागेच्या वर्णनांत ते बहुधा गाळले जाते.

आता या सगळ्यातून जपायचे काय, ते पाहू. रांजण ही वस्तू आहे. ती फुटू नये एवढी काळजी घेतली की झाले. स्तूप बागेच्या मालकीचा नाही. टेकडीचा उतार मातीचा आहे आणि पावसाने झिजतो. बकुळ वाढते, म्हातारी होते आणि कधीतरी पडते. तरीही या चार गोष्टींना एका रेषेत आणणारा जो निर्णय आहे, तोच खरा वारसा आहे, असे माझे मत आहे. झाडे, दगड आणि गवत हे त्या निर्णयाचे साहित्य होय. बावांनी ही बाग आधी कागदावर आखून मग जमिनीवर उतरवली नाही. जागेवर उभे राहून, पाहून, एखादी फांदी काढायला सांगून, पुन्हा पाहून ती घडत गेली. ते वास्तुकलेबद्दल शब्दांत बोलायला नाखूष असत आणि ती अनुभवायचीच गोष्ट आहे असे म्हणत. साहजिकच त्यांच्या मागे राहिलेल्यांच्या हातात सूचनांची वही नव्हती.

पडलेल्या झाडाचे काय करायचे?

वारसा-जतनाच्या क्षेत्रात काही आंतरराष्ट्रीय सनदा मार्गदर्शक मानल्या जातात. १९६४ सालच्या व्हेनिस सनदेचा भर मुख्यतः दगडमातीच्या स्मारकांवर आहे. मूळ साहित्याचा आदर करा, अंदाजाने पुनर्रचना करू नका, नवीन भर घातली तर ती ओळखू येऊ द्या, असा तिचा आशय आहे. हे नियम बागेला लावताना अडचण होऊ लागली, म्हणून १९८१ साली ऐतिहासिक बागांसाठी स्वतंत्र फ्लॉरेन्स सनद तयार झाली. तिने बागेला जिवंत स्मारक म्हटले आणि एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली की, बागेचे घटक प्रामुख्याने वनस्पती असल्यामुळे ते नाशवंत असतात आणि म्हणूनच पुन्हा लावता येण्याजोगेही असतात. दगडी खांब बदलला तर स्मारकाच्या अस्सलपणाला धक्का बसतो. झाड बदलले तर तसा बसेलच असे नाही, किंबहुना वेळेवर न बदलल्यानेच बागेची रचना हरवू शकते.

अस्सलपणा नेमका कशात असतो, हा वाद पुढे १९९४ साली जपानमधील नारा येथे झालेल्या परिषदेत अधिक खुला झाला. जपानमधील इसे येथील देवस्थान दर २० वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा बांधले जाते. त्यातले एकही लाकूड प्राचीन नाही, पण रचना, कारागिरी आणि विधी प्राचीन आहेत. अशा परंपरांना केवळ साहित्याच्या वयाची फूटपट्टी लावणे चुकीचे ठरेल, हे नारा येथील दस्तऐवजाने मान्य केले. लुनुगंगेसारख्या जागेचा विचार करताना मला हा दृष्टिकोन व्हेनिसच्या नियमांपेक्षा जवळचा वाटतो.

समजा, सिनेमन हिलवरची बकुळ वादळात पडली. तेव्हा जतन करणाऱ्यापुढे निदान तीन मार्ग असतात. तिथेच बकुळीचे रोप लावून ते मोठे होईपर्यंत एक-दोन पिढ्या वाट पाहायची. रांजणावर सावली धरणारे दुसरे लवकर वाढणारे झाड लावायचे. किंवा जागा मोकळी ठेवून स्तूप आणि रांजण यांच्यातले नवे नाते स्वीकारायचे. पहिल्या मार्गात जात टिकते, पण दृश्य दीर्घकाळ हरवते. दुसऱ्यात दृश्य टिकते आणि झाडाची जात बदलते. तिसरा मार्ग ऐकायला उदासीन वाटतो, पण बावांनी स्वतः कदाचित तोच निवडला असता, कारण पडलेल्या झाडामुळे उघडलेली नवी दृष्टी त्यांना मोहवू शकली असती. इथे खरा पेच आहे. कर्त्याच्या वृत्तीशी प्रामाणिक राहायचे तर बदल करावा लागतो, आणि कर्त्याच्या कृतीशी प्रामाणिक राहायचे तर बदल टाळावा लागतो. दोन्हींना एकाच वेळी न्याय देणारे सूत्र सनदांमध्ये सापडत नाही.

व्यवहारात यावरचा उपाय म्हणजे बारकाईने ठेवलेली नोंद. कोणत्या बैठकीवरून काय दिसते, कोणत्या झाडाची कोणती फांदी त्या दृश्याची चौकट आहे, कोणता पडदा दाट ठेवायचा आणि कोणता विरळ, हे नकाशे, छायाचित्रे आणि जुन्या माळ्यांच्या आठवणी यांतून लिहून ठेवावे लागते. बावांच्या कार्यालयाची एक परंपरा या कामी उपयोगी पडण्यासारखी आहे. तिथल्या आरेखनांत झाडे ठरावीक गोल काढून भागवलेली नसत. पाने, फांद्या, खोडाचा कल हे सारे त्या त्या झाडाप्रमाणे चितारलेले असे. अशा आरेखनांसह त्यांच्या संग्रहातील साहित्याचे एक प्रदर्शन २०२३ साली दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरले होते.

बागेचे रोजचे काम मात्र नोंदीपेक्षाही साधे आणि न संपणारे आहे. श्रीलंकेच्या नैऋत्य भागाला पर्जन्यप्रदेश म्हणतात; तिथे वर्षाला सरासरी २५०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. एवढ्या पावसात गवत कापणे, वेली उतरवणे, आपोआप उगवलेली रोपे उपटणे, पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे हे थांबले की काही महिन्यांतच टेकड्या पुन्हा रानाच्या ताब्यात जातात. दगडी स्मारकाच्या बाबतीत निधी दोन वर्षे उशिरा आला तरी बहुधा निभावते. बागेत तेवढी उसंत नसते.

इमारतींचे प्रश्न याच हवेतून येतात. दमट भिंतींवर शेवाळ आणि काळे डाग येतात, लाकडाला वाळवी लागते, कौलांखालून गळती सुरू होते. पैकी शेवाळाचा मुद्दा गमतीचा आहे. नेहमीच्या जतनकामात भिंत स्वच्छ करणे हे पहिले पाऊल असते. पण काळवंडलेल्या भिंती, झिजलेले पुतळे आणि पायऱ्यांवर चढलेली हिरवळ बावांना प्रिय होती. तिथे उत्साहाने रंगकाम काढले तर भिंत वाचेल आणि बाग बिघडेल. म्हणून कोणते डाग केवळ दिसण्यापुरते आहेत आणि कोणते आतल्या ओलीचे लक्षण आहेत, हे ओळखणारा माणूस लागतो.

छपरांचा प्रश्न गंभीर आहे. बावा आणि त्यांचे डॅनिश सहकारी उल्रिक प्लेस्नर यांनी आपल्या इमारतींसाठी एक पद्धत रूढ केली होती: खाली पन्हळी ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आणि त्यांवर पारंपरिक अर्धगोल मातीची कौले. वरून छप्पर जुन्या वळणाचे दिसे, आणि पत्र्यामुळे पाणी आत येत नसे. आज ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसांना घातक असल्याचे सर्वमान्य आहे. तेव्हा अशा इमारतींची दुरुस्ती करताना मूळ साहित्य जपण्याचा आग्रह मागे ठेवून, कौलांची रेषा, उतार आणि वळचणीची जाडी न बदलता खालचा थर बदलणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. येथे साहित्यापेक्षा रचनेला अस्सल मानण्याची भूमिका पुन्हा उपयोगी पडते.

कोलंबोतून आलेले घर

लुनुगंगेच्या जतनकथेतला सर्वांत वादग्रस्त अध्याय बागेबद्दल नसून एका घराबद्दल आहे. बावांनी १९६० ते १९६२ या काळात बाटिक कलावंत एना डी सिल्वा यांच्यासाठी कोलंबोत एक घर बांधले होते. शहरातल्या मर्यादित भूखंडावर रस्त्याकडे पाठ करून, उंच भिंतीआड, मधल्या मोकळ्या चौकाभोवती खोल्या मांडलेले हे घर दक्षिण आशियातल्या आधुनिक घरबांधणीत मैलाचा दगड समजले जाते. जुन्या सिंहली घरातला चौक, डच काळातला व्हरांडा आणि आधुनिक मोकळी मांडणी यांचा मेळ त्यात होता. पुढे एना डी सिल्वा कोलंबो सोडून मातले भागात राहायला गेल्या, कालांतराने जमीन विकली गेली, आणि घर पाडले जाणार हे स्पष्ट झाले.

तेव्हा बावांच्या विश्वस्तांनी आणि चाहत्यांनी एक असाधारण निर्णय घेतला. घर जागेवर वाचवता येत नाही, तर ते सुटे करून लुनुगंगेत हलवायचे. २००९ च्या सुमारास काम सुरू झाले. पुरातत्त्वीय उत्खननात करतात तशी प्रत्येक घटकाची मोजमापे घेतली गेली, क्रमांक टाकले गेले, दारे, खिडक्या, लाकडी खांब, फरशीचे दगड, कौले उतरवली गेली आणि ती दक्षिणेला नेऊन २०१६ पर्यंत घर पुन्हा उभे करण्यात आले.

व्हेनिस सनदेच्या सातव्या कलमानुसार स्मारक त्याच्या इतिहासापासून आणि परिसरापासून अलग करता येत नाही. ते हलवणे त्याच्या रक्षणासाठी अपरिहार्य असेल, किंवा अत्यंत महत्त्वाच्या राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय हितासाठी समर्थनीय असेल, तरच मान्य होऊ शकते. इथे पहिली अट पूर्ण झाली असे म्हणता येईल, कारण दुसरा पर्याय पाडापाडीचा होता. पण काय हलले आणि काय हलले नाही, याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायला हवा. खांब आणि दारे हलवता येतात. विटा-गिलाव्याची भिंत तशी उचलून नेता येत नाही, ती नव्याने बांधावी लागते. आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या, रस्त्याची वर्दळ, जमिनीची टंचाई यांना तोंड देण्यासाठी हे घर अंतर्मुख झाले होते. आता ते अशा जागी उभे आहे जिथे पाठ फिरवावी असे आसपास काहीच नाही. उंच भिंत आहे, पण भिंतीचे कारण कोलंबोतच राहिले.

तरीही मला हा निर्णय चुकीचा वाटत नाही. चौकात उभे राहिल्यावर प्रकाश कसा उतरतो, खोलीतून खोलीत जाताना छप्पर किती खाली येते, हे छायाचित्रांतून कळत नाही. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यासाठी पुन्हा उभारलेले घर हे न उरलेल्या घरापेक्षा निःसंशय मोलाचे आहे. फक्त त्याला मूळ घर म्हणण्याऐवजी मूळ घटकांतून केलेली पुनर्बांधणी म्हणावे. शिवाय, या घरामुळे लुनुगंगेतही बदल झाला, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. बावांनी जी मांडणी ठेवून जगाचा निरोप घेतला, तीत हे घर नव्हते. एका वारशाच्या रक्षणासाठी दुसऱ्या वारशात भर घातली गेली.

कायदा, पैसा आणि पलीकडचा काठ

वास्तुविशारदाचे घर जपण्याचा एक टोकाचा मार्ग लंडनमध्ये पाहायला मिळतो. सर जॉन सोन यांनी आपले घर आणि संग्रह राष्ट्राला देताना १८३३ साली पार्लमेंटकडून खास कायदाच करवून घेतला. १८३७ साली ते वारल्यावर सर्व काही शक्य तितके त्यांनी ठेवले होते तसेच ठेवण्याचे बंधन त्या कायद्याने आले. गोठलेल्या घड्याळासारखे हे जतन बंदिस्त दालनांत शोभून दिसते. लुनुगंगेला ते लागू करणे अशक्यच आहे.

बावांनी वेगळी तजवीज केली. वास्तुकला, ललित कला आणि पर्यावरण यांच्या अभ्यासासाठी जेफ्री बावा ट्रस्ट १९८२ साली, म्हणजे त्यांच्या हयातीतच, स्थापन झाला. १९९८ साली त्यांना पक्षाघाताचा तीव्र झटका आला आणि त्यांची वाचा गेली. २००३ साली ते निवर्तले, आणि त्यांच्या अस्थी सिनेमन हिलवर विसावल्या. त्यानंतर लुनुगंगा विश्वस्तांच्या हाती आली. अपत्य नसलेल्या कर्त्याची मालमत्ता नातेवाइकांत वाटली जाऊन तुकड्या-तुकड्यांनी विकली जाण्याचा जो धोका असतो, तो या तरतुदीमुळे टळला. आपल्याकडे वाड्यांचे जे होते त्याच्याशी तुलना केली तर या एका कायदेशीर कागदाचे महत्त्व ध्यानात येईल.

कायद्याने सरकारी संरक्षण मिळवणे अशा वास्तूंना सहसा अवघड जाते, कारण त्या फार जुन्या नसतात. भारतात १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक केंद्रीय कायद्याखाली संरक्षण मिळायला वास्तू किमान १०० वर्षांची असावी लागते. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचा, १९७२ साली बांधलेला, वास्तुविशारद राज रेवाल यांचा हॉल ऑफ नेशन्स हा प्रदर्शन-मंडप २०१७ साली पाडला गेला, तेव्हा तो ६० वर्षांचाही नाही हा मुद्दा पुढे आला होता. १९९५ च्या मुंबईच्या वारसा नियमावलीने श्रेणी ठरवताना वयापेक्षा वास्तूच्या गुणांना वाव दिला, आणि त्या अर्थाने ती दूरदृष्टीची होती. विसाव्या शतकातील वास्तुविशारदांची घरे जगभर बहुतेक ठिकाणी सरकारपेक्षा खासगी न्यासांनीच वाचवली आहेत, ती याच कारणाने.

न्यास असला तरी पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न उरतोच. लुनुगंगेने त्यासाठी मालमत्तेचा काही भाग मोजक्या खोल्यांचे हॉटेल म्हणून चालवण्याचा आणि बाग तिकीट काढून पाहू देण्याचा मार्ग धरला आहे. याचे फायदे उघड आहेत. घर वापरात राहते, खिडक्या रोज उघडल्या जातात, छपराची गळती पहिल्याच रात्री लक्षात येते. बंद ठेवलेले घर दमट हवेत किती झपाट्याने खचते, हे कोकणात घर असलेल्या आणि मुंबईत राहणाऱ्या कुणालाही सांगावे लागणार नाही. पण पाहुणे म्हटले की न्हाणीघरे, वातानुकूलन, वाहनतळ, पायऱ्यांना कठडे या मागण्या येतात, आणि त्यातली प्रत्येक मागणी एकेकटी पाहिली तर वाजवी असते. शिवाय पर्यटनावर अवलंबून राहण्याची किंमत श्रीलंकेने मोजली आहे: एप्रिल २०१९ मधील बॉम्बस्फोट, मग करोनाची साथ, आणि २०२२ चे आर्थिक संकट यांमुळे ओळीने काही वर्षे पाहुणे आटले, पण गवत वाढायचे थांबले नाही.

न्यास, नोंदी, माळी आणि पैसा हे चारही जुळून आले, तरी एक गोष्ट विश्वस्तांच्या अधिकाराबाहेर राहते. बावांनी बाग आखताना कुंपणापलीकडचे जग जणू उसने घेतले होते: तलावाचे पाणी, समोरच्या काठावरची झाडी, दूरचा स्तूप. उद्या त्या काठावर पाच मजली इमारत उभी राहिली, तर लुनुगंगेतले एकही पान न हलता तिचा अर्धा आशय नष्ट होईल. हे रोखायचे तर बागेच्या हद्दीबाहेर बांधकामाच्या उंचीवर मर्यादा हवी, आणि तिची झळ अशा लोकांना बसेल ज्यांच्या जमिनीला तलावाच्या देखाव्यामुळेच भाव आला आहे. एका श्रीमंत माणसाच्या खिडकीतून दिसणारे दृश्य टिकावे म्हणून शेजारच्या गावकऱ्याने वरचा मजला का चढवू नये, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर जतनाच्या कोणत्याही सनदेत नाही. ते स्थानिक प्रशासन, मंदिराचे भिक्षू, काठावरचे जमीनमालक आणि विश्वस्त यांना एकत्र बसून, मोबदल्यासह, ठरवावे लागेल.